एमआरआय घेण्याआधीचा हिशेब

मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी शंभर-दीडशे खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्तांच्या किंवा भागीदार डॉक्टरांच्या बैठकीत रेडिओलॉजी विभागाचा विषय निघाला की चर्चा बहुधा एका यंत्रापासून सुरू होते आणि त्याच यंत्रापाशी संपते. शेजारच्या रुग्णालयात नवा एमआरआय आला, मग आपण कधी घ्यायचा, १.५ टेस्लाचा घ्यायचा की ३ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक), नवा घ्यायचा की वापरलेला, आणि कर्ज कोणती बँक देईल, हे प्रश्न तासभर चालतात. ते विचारण्यात चूक काही नाही; मात्र क्रमाने ते शेवटी यायला हवेत. रेडिओलॉजी विभागाची वाढ यंत्राच्या खोलीत जितकी होते, त्याहून जास्त खोलीच्या दोन्ही बाजूंना होते. एका बाजूला रुग्णाला पाठवणारा डॉक्टर आणि त्याच्या मनातला प्रश्न असतो, तर दुसऱ्या बाजूला त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याच्या हातात पडणारा रिपोर्ट असतो. हे अंतर किती तासांत कापले जाते, यावर विभाग चालतो की नुसता उभा राहतो, हे ठरते.

हे नीट समजण्यासाठी चार प्रमुख तपासण्यांमध्ये नेमके काय अडते, ते आधी पाहावे लागेल, कारण प्रत्येक ठिकाणी अडणारी गोष्ट वेगळी आहे.

कोणत्या तपासणीत काय अडते

विल्हेल्म राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एक्स-रे शोधले आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही कोणत्याही रुग्णालयात सर्वाधिक होणारी प्रतिमा-तपासणी एक्स-रे हीच आहे. डिजिटल यंत्रावर छातीचा एक्स-रे काढायला दोन मिनिटे पुरतात. येथे यंत्र अडत नाही. अडतो तो रिपोर्ट. पुष्कळ ठिकाणी एक्स-रेची फिल्म रिपोर्टाशिवायच रुग्णाच्या हातात दिली जाते आणि पाठवणाऱ्या डॉक्टरने ती आपल्या परीने वाचावी, असे गृहीत धरलेले असते.

सीटी स्कॅनचे तसेच आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, तेव्हा एकेक छेद घ्यायला मिनिटे लागत आणि चित्र तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागे. आजचे यंत्र छाती आणि पोट काही सेकंदांत स्कॅन करते. रुग्णाला टेबलावर घेणे, शीर शोधणे, कॉन्ट्रास्टचे, म्हणजे चित्र उठून दिसण्यासाठीच्या औषधाचे, इंजेक्शन देणे आणि खाली उतरवणे हे सगळे धरले तरी पंधरा-वीस मिनिटांचे काम असते. परंतु त्या काही सेकंदांत शेकडो छेद तयार होतात आणि ते पाहणारे डोळे दोनच असतात. म्हणजे सीटीमध्येही यंत्र मोकळे राहते आणि रेडिओलॉजिस्टचा वेळ अपुरा पडतो.

एमआरआयचे उलटे आहे. तेथे किरणोत्सर्ग नाही, पण प्रत्येक रुग्णाला यंत्राच्या आत पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत न हलता पडून राहावे लागते. दिवसाचे तास ठरलेले असतात, त्यामुळे येथे यंत्राचा वेळ हाच खरा माल आहे आणि वाया गेलेले अर्धे तास परत मिळत नाहीत.

सोनोग्राफीत यंत्र सर्वांत स्वस्त असले तरी तपासणी डॉक्टरला स्वतःच्या हाताने करावी लागते. सीटी किंवा एमआरआयच्या प्रतिमा इंटरनेटवरून पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेल्या डॉक्टरला पाठवता येतात, पण सोनोग्राफीचा प्रोब दूर बसून फिरवता येत नाही. म्हणून सोनोग्राफीची वाढ म्हणजे डॉक्टरांच्या तासांची वाढ. दुसरे यंत्र आणून ठेवल्याने रांग कमी होत नाही.

एवढे ध्यानात आले की ‘विभाग वाढवायचा आहे’ या एका वाक्यात चार निरनिराळी कामे आहेत, हे उघड होते. एक्स-रेला रिपोर्टची सवय लावायची, सीटीला रिपोर्टिंगचे हात वाढवायचे, एमआरआयची मिनिटे वाचवायची आणि सोनोग्राफीला डॉक्टर मिळवायचा. यांपैकी फक्त एमआरआयच्या बाबतीत नवे यंत्र हा उपाय असू शकतो, आणि तोही असलेले यंत्र खरोखर भरल्यानंतरच.

एका एमआरआयचा कच्चा हिशेब

आता आकडे मांडू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक रुग्णालयाने तेथे स्वतःचे आकडे घालावेत. समजा, यंत्र, तांब्याच्या पत्र्याने मढवलेली खोली, चिलर (यंत्र थंड ठेवणारी यंत्रणा), यूपीएस, जनरेटर आणि बांधकाम मिळून ७ कोटी रुपये लागले आणि ते १० टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जावर घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ११ लाख ६० हजार रुपये येतो. वॉरंटी संपल्यावर देखभालीचा सर्वसमावेशक करार वर्षाला ४० लाखांचा, म्हणजे महिन्याला सुमारे ३ लाख ३० हजारांचा धरू. वीज आणि डिझेल २ लाख, टेक्निशियन, नर्स व काउंटरवरचे कर्मचारी अडीच लाख, रेडिओलॉजिस्ट ४ लाख आणि किरकोळ ६० हजार. बेरीज २४ लाख. रुग्ण एक येवो वा हजार येवोत, हे २४ लाख दर महिन्याला जाणारच आहेत.

उत्पन्नाच्या बाजूला एका तपासणीमागे सरासरी ४,५०० रुपये मिळतात आणि फिल्म, कॉन्ट्रास्ट, चादरी यांवर ५०० रुपये खर्च होतात, असे धरले तर हातात ४,००० राहतात. २४ लाखांना ४,००० ने भागले की महिन्याला ६०० तपासण्या येतात. पंचवीस कामाच्या दिवसांत रोज २४. एका रुग्णाला अर्धा तास लागत असेल तर बारा तास यंत्र चालवल्यावर केवळ खर्च निघतो, नफा एक रुपयाही होत नाही.

आता या रुग्णांपैकी तीस टक्के शासकीय योजनेच्या किंवा कंपनीशी ठरलेल्या सवलतीच्या दराने, समजा २,५०० रुपयांत, येतात असे धरू. सरासरी ३,९०० वर येते, हातात ३,४०० राहतात आणि तोच खर्च भागवायला महिन्याला सुमारे ७०६, म्हणजे रोज २८ रुग्ण लागतात. अर्ध्या तासाच्या हिशेबाने हे चौदा तासांचे काम झाले. चौदा तासांसाठी टेक्निशियनांची पाळी वाढवावी लागते, म्हणजे खर्चाची बाजू पुन्हा जड होते. पण प्रत्येक रुग्णामागचा वेळ तीस मिनिटांवरून पंचवीसवर आणता आला, तर तेच २८ रुग्ण पावणेबारा तासांच्या आत बसतात. पाच मिनिटांच्या बचतीची किंमत एका पाळीच्या पगाराएवढी असते, आणि विश्वस्तांच्या बैठकीत या पाच मिनिटांवर कोणी बोलत नाही, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

ही मिनिटे जातात कुठे, हे पाहायला खोलीबाहेरच्या बाकड्यावर एक दिवस बसावे. सकाळी नऊची वेळ दिलेला रुग्ण किनवटहून येणार असतो आणि एसटी त्याला अकराच्या सुमारास नांदेडला आणून सोडते. नऊ ते दहाची वेळ रिकामी जाते आणि अकराला एकदम चार जण जमा होतात. कॉन्ट्रास्ट द्यायचे असते, पण क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट आणलेला नसतो, म्हणून रक्त देऊन तासभर थांबावे लागते. मांडीत जुन्या अपघाताची सळई आहे, हे रुग्णाला कपडे बदलताना आठवते आणि ती कोणत्या धातूची आहे, हे सांगणारा कागद गावाकडे पेटीत असतो. पेसमेकर आहे का, हा प्रश्न काउंटरवर विचारलेला असतो, पण ‘छातीत मशीन बसवली आहे का’ असे सोप्या शब्दांत विचारलेले नसते. लहान मुलाला भूल द्यायची असते, पण आईने त्याला वाटेत दूध पाजलेले असते. एखादी बाई आत गेल्यावर घाबरून बझर दाबते आणि तपासणी अर्धवट राहते. यांपैकी एकही अडचण यंत्र बदलून सुटत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी रुग्णाला फोन करून पाच प्रश्न विचारणारी एक मराठी बोलणारी कर्मचारी नेमली आणि लांबच्या तालुक्यांना एसटीच्या वेळा पाहून दुपारच्या वेळा दिल्या, तर यातला बराच भाग सुटतो. वरच्या उदाहरणात रोजच्या चार वेळा वाया जात असतील, तर महिन्याला ३ लाख ४० हजार रुपये, म्हणजे कर्जाच्या हप्त्याचे जवळजवळ तीस टक्के, बाकड्यावरच सांडतात.

मराठवाड्यात या हिशेबाला हंगामाचीही एक बाजू आहे. गुडघ्याचा किंवा पाठीचा एमआरआय सांगितलेला रुग्ण बऱ्याचदा सोयाबीन विकले जाईपर्यंत थांबतो. बीड, धाराशिव आणि जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बारा महिने सारखाच आकडा धरून बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल येथे फसतो. महिन्यागणिक मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी काढल्या तर चढउतार स्पष्ट दिसतात आणि यंत्राच्या देखभालीसाठी बंद ठेवायचे दिवसही त्यानुसार ठरवता येतात.

रुग्ण कुठे निघून जातात

वाढीची संधी शोधताना आपल्याकडे किती रुग्ण येतात, यापेक्षा आपल्या भागातले किती रुग्ण दुसरीकडे जातात, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. तुळजापूर आणि उमरग्याच्या रुग्णाला सोलापूर जवळ पडते. लातूरचा रुग्ण पुण्याला जातो. नांदेड-देगलूरकडचा रुग्ण हैदराबादचा रस्ता धरतो, आणि उलट दिशेने तेलंगणातला आदिलाबादचा व कर्नाटकातला बिदरचा काही रुग्ण नांदेड, उदगीर, लातूर येथे येतो. म्हणजे जिल्ह्याची सीमा आणि रुग्णाची सीमा एक नसते.

हे जाणे दोन प्रकारचे असते. काही रुग्ण अशा तपासणीसाठी जातात जी येथे होतच नाही, उदाहरणार्थ मुख्यतः कर्करोगासाठी होणारी पेट-सीटी. तिला लागणारे किरणोत्सारी औषध काही तासांत निष्प्रभ होते, त्यामुळे ती कुठेही उघडता येत नाही. पण पुष्कळसे रुग्ण येथे होणाऱ्या तपासणीसाठीही जातात, कारण त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरला येथल्या रिपोर्टावर भरवसा नसतो, किंवा येथे तपासणी करूनही पुण्याचा डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतो. या दुसऱ्या गटातला रुग्ण परत मिळवायला नवे यंत्र लागत नाही. प्रतिमा योग्य पद्धतीने घेतलेल्या असल्या, डायकॉम स्वरूपात सीडीवर किंवा लिंकवर मिळाल्या आणि रिपोर्टात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असले, तर पुनर्तपासणीचे कारण उरत नाही. डायकॉम म्हणजे कोणत्याही कंपनीच्या यंत्रावरची प्रतिमा कोणत्याही संगणकावर मूळ गुणवत्तेत पाहता यावी, यासाठी ठरवलेला समान नमुना. अजूनही तालुक्याच्या दवाखान्यात फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून मोबाइलने तिचा फोटो काढला जातो आणि तो व्हॉट्सॲपवरून तज्ज्ञाकडे जातो. त्या फोटोत मेंदूतला छोटा रक्तस्राव दिसेलच, याची खात्री कोणी देऊ नये.

प्रतिमा साठवणारी आणि रुग्णालयभर फिरवणारी संगणक व्यवस्था, जिला सगळे पॅक्स म्हणतात, ती अनेक ठिकाणी ‘नंतर बघू’ या यादीत असते. माझ्या मते ती यंत्राच्या आधी यायला हवी. जुनी प्रतिमा शेजारी ठेवून नवी वाचता आली तरच गाठ वाढली की कमी झाली, हे सांगता येते, आणि रात्री दोन वाजता आलेल्या अपघातग्रस्ताचा सीटी घरी बसलेल्या किंवा दुसऱ्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टला लगेच वाचता येतो.

वाचणारे हात

रेडिओलॉजिस्ट मिळत नाहीत, ही तक्रार लातूरपासून हिंगोलीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. १९५६ मध्ये सुरू झालेले छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, १९७४ चे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नंतरची नांदेड व लातूरची महाविद्यालये, आणि अलीकडच्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना व हिंगोली येथे सुरू झालेली महाविद्यालये मिळून आता आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांसाठी याचा अर्थ दुहेरी आहे. एकीकडे शासकीय यंत्रांवर मोफत किंवा नाममात्र दरात तपासण्या वाढतील. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार व तपासण्या निःशुल्क झालेल्याच आहेत. दुसरीकडे या भागात शिकून येथेच राहणारे डॉक्टर आणि टेक्निशियन मिळण्याची शक्यताही वाढेल, पण त्यांना थांबवायचे असेल तर रात्रीची ड्यूटी एकाच माणसाच्या गळ्यात पडणार नाही, अशी रचना आधीच करावी लागेल.

टेलिरेडिओलॉजी ही त्या रचनेतली उपयोगी गोष्ट आहे. रात्रीचे आणि सुट्टीचे सीटी बाहेरून वाचून घेतले, तर येथला डॉक्टर दिवसा ताज्या डोळ्यांनी काम करतो. मात्र बाहेर बसलेल्या डॉक्टरला रुग्णाची माहिती दिली नाही, तर तो चित्रात दिसेल तेवढेच लिहितो. ‘पोटात दुखते’ एवढ्यावर आलेला रिपोर्ट आणि ‘उजव्या कुशीत तीन दिवस दुखते, ताप आहे, अपेंडिक्सची शंका’ या चिठ्ठीवर आलेला रिपोर्ट यांत मोठा फरक पडतो. म्हणून चिठ्ठीचा नमुना सुधारणे हाही वाढीचाच कार्यक्रम आहे, आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा येथे जो खरा उपयोग सिद्ध झाला आहे, तो मर्यादित पण महत्त्वाचा आहे. क्षयरोगाच्या शोधासाठी पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे गावोगावी नेली गेली. संगणकाने संशयित ठरवलेल्या व्यक्तीची थुंकीची तपासणी होतेच. संगणकाचे काम फक्त चाळणीचे आहे. रुग्णालयाच्या दृष्टीने, रिपोर्टाविना हातात जाणाऱ्या शेकडो एक्स-रेंपैकी कोणते आधी पाहायचे, एवढे जरी त्याने सांगितले तरी पुष्कळ झाले.

नवी यंत्रे न घेता होणारी वाढ

रेडिओलॉजिस्टला फक्त प्रतिमा वाचणारा डॉक्टर समजणे ही या भागातली सर्वांत महागडी सवय आहे. यकृतातला पू सोनोग्राफी पाहत सुईने काढणे, फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा सीटीखाली घेणे, थायरॉइडची सुई-तपासणी करणे, अडलेल्या मूत्रपिंडात नळी टाकणे, ही सर्व कामे असलेल्याच यंत्रांवर होतात. त्यांमुळे रुग्णाचा पुण्याचा किंवा हैदराबादचा फेरा वाचतो, कर्करोगाचे निदान आठवडाभर आधी होते आणि विभागाला तपासणीच्या फीशिवाय प्रक्रियेची फी मिळते. यासाठी सुया, नळ्या, एक मोकळी निर्जंतुक जागा, गुठळ्या होण्याच्या क्षमतेची रक्तचाचणी वेळेत करणारी प्रयोगशाळा आणि आठवड्यातले ठरलेले दोन अर्धे दिवस एवढे पुरते.

पक्षाघात हे दुसरे क्षेत्र. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव नाही, हे सीटीवर पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. दोन-तीन तासांचा रस्ता कापून आलेल्या रुग्णाच्या हातात उरलेला वेळ थोडा असतो. म्हणून रुग्ण दारातून आत आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत सीटी व्हावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. येथे स्कॅनला लागतात सेकंद. उशीर होतो तो केसपेपर काढणे, आगाऊ रक्कम भरणे आणि स्ट्रेचर ओढणारा शोधणे यांत. पक्षाघाताचा संशय असल्यास पैशांची पावती नंतर, हा नियम लेखी करून अपघात विभागाच्या भिंतीवर लावणे हे वैद्यकीयदृष्ट्या तर योग्य आहेच, पण तालुक्यातल्या डॉक्टरांमध्ये एकदा ही ख्याती झाली की सीटीचा ओघही आपोआप वाढतो. समृद्धी महामार्ग आणि सोलापूर-धुळे महामार्ग ज्या भागांतून जातात, तेथे अपघातग्रस्तांच्या सीटीलाही हेच लागू आहे.

गरोदर स्त्रियांची अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होणारी, गर्भातील व्यंग पाहणारी सोनोग्राफी ही तिसरी गोष्ट. ती उशिरा झाली तर पुढील निर्णयाला कायद्याने आणि वैद्यकीयदृष्ट्याही वेळ कमी उरतो. पण सोनोग्राफीविषयी बोलताना या प्रदेशात एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही.

कायद्याची चौकट

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे प्रमाण दर हजार मुलग्यांमागे सुमारे ८०० पर्यंत घसरलेले आढळले. त्यानंतर झालेल्या कारवाया या भागातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या स्मरणात आहेत. यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म, दर महिन्याचा अहवाल आणि यंत्र एका खोलीतून दुसरीकडे हलवण्यावरचे निर्बंध हे सर्व त्रासदायक वाटते, आणि फॉर्ममधल्या किरकोळ चुकीवरून यंत्र सील होण्याची भीती डॉक्टरांना वाटते, हेही खरे. पण ८०० हा आकडा समोर ठेवल्यावर त्या तक्रारीचा सूर खाली आणावाच लागतो. नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे २०१२ च्या दुरुस्तीनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. तेव्हा एकच रेडिओलॉजिस्ट चार तालुक्यांत फिरवू, ही योजना कागदावरच थांबते.

एक्स-रे आणि सीटीसाठी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. खोलीचा आराखडा, भिंतींची जाडी, शिशाचे दार, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवरचा, त्याला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज यांचा त्यात समावेश असतो. कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजण्याचे एकक) आहे. रुग्णासाठी अशी ठरावीक मर्यादा नसते, म्हणूनच तपासणी खरोखर हवी आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते. पोटाच्या एका सीटीत सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळणाऱ्या मात्रेइतका किरणोत्सर्ग मिळतो.

पैशाचे दोन सरळ, एक वाकडा प्रवाह

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली होती, आणि केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत योजना यांत शस्त्रक्रियेचे किंवा उपचाराचे पॅकेज ठरलेले असते आणि तपासण्या साधारणपणे त्यातच मोडतात. म्हणजे बाह्यरुग्ण म्हणून आलेल्याचा एमआरआय हे विभागाचे उत्पन्न असते, तर योजनेखाली दाखल रुग्णाचा तोच एमआरआय रुग्णालयाचा खर्च असतो. दोन्हींची बेरीज करून ‘या महिन्यात ६५० झाले’ म्हणून समाधान मानणारा व्यवस्थापक स्वतःची फसवणूक करतो. त्या दाखल रुग्णाच्या बाबतीत मोजायची गोष्ट वेगळी आहे: रिपोर्ट एक दिवस आधी मिळाल्याने खाट एक दिवस आधी मोकळी झाली का?

तिसरा प्रवाह म्हणजे रुग्ण पाठवणाऱ्याला द्यायचे कमिशन, कट. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत याला स्पष्ट मनाई आहे, आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने समिती नेमून त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करवला होता. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी हिशेबाच्या दृष्टीनेही हा मार्ग आंधळा आहे, कारण कमिशनने आलेला रुग्ण जास्त कमिशन देणाऱ्याकडे उद्या जातो, तर वेळेवर व नेमक्या रिपोर्टामुळे जोडलेला डॉक्टर सहसा सुटत नाही. गरज नसलेल्या तपासण्यांनी फुगलेला आकडा कुठवर नेतो, हे बीडमधील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली, तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

यंत्र घ्यायचेच ठरले तर

एवढे करूनही असलेले यंत्र रोज भरत असेल, वेळ मिळायला आठवडा लागत असेल आणि रुग्ण त्या कारणाने परत जात असतील, तर नवे यंत्र जरूर घ्यावे. मग मराठवाड्याचा उन्हाळा हिशेबात घ्यावा. एमआरआयचे चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवलेले असते आणि ते थंड राखणारा कॉम्प्रेसर रुग्ण असो वा नसो, रात्रंदिवस चालतो. बंद खोलीबाहेर उभे राहिले तरी त्याची ठराविक टकटक ऐकू येते. मे महिन्यात परभणी किंवा नांदेडला पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवर उन्हात ठेवलेला चिलर दुपारी दोनला ट्रिप होतो आणि त्याच सुमारास वीज गेली तर जनरेटरवर चिलर घेतलेला नसतो, कारण खर्च वाचवण्यासाठी जनरेटर लहान घेतलेला असतो. कॉम्प्रेसर फार वेळ बंद राहिला की हेलियम उकळून उडू लागते, आणि ते पुन्हा भरणे हे लाखो रुपयांचे काम आहे. अलीकडे अवघ्या काही लिटर हेलियमवर चालणारी, ते बाहेर न सोडणारी बंद चुंबकेही मिळतात. किंमत जास्त असली तरी वीज आणि उष्णता यांचा विचार करता आपल्याकडे त्यांचा दर मागवून पाहावा.

सीटी घेताना स्लाइसच्या, म्हणजे यंत्र एका फेरीत घेते त्या छेदांच्या, संख्येवर जितकी घासाघीस होते, तितकी एक्स-रे ट्यूबवर होत नाही. ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे, ती बदलायला काही लाख ते काही दशलक्ष रुपये लागतात, आणि देखभालीच्या कराराचे दोन प्रकार असतात: एकात फक्त इंजिनिअरची भेट मिळते, दुसऱ्यात सुटे भाग मिळतात, आणि दुसऱ्यातही ट्यूब बहुधा वेगळी लिहिलेली असते. वापरलेले यंत्र स्वस्तात घेतले आणि दुसऱ्याच वर्षी ट्यूब गेली, तर वाचलेले पैसे तेथेच जातात. शिवाय आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्यामुळे यंत्रावर भरलेल्या कराची वजावट रुग्णालयाला मिळत नाही. तो कर किमतीतच धरावा लागतो.

करारात कंपनी ९५ टक्के अपटाइमची, म्हणजे यंत्र तेवढा वेळ चालू राहण्याची, हमी देते, तेव्हा ऐकायला ते भक्कम वाटते. वर्षाच्या ३६५ दिवसांचे पाच टक्के म्हणजे अठरा दिवस. यंत्र तेवढे दिवस बंद राहिले तरी कंपनी कराराच्या आतच असते. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. बंद काळ तासांत मोजला जाईल की दिवसांत, आणि रविवार धरला जाईल की नाही. इंजिनिअर आणि सुटे भाग पुण्याहून येतील, हैदराबादहून की बेंगळुरूहून, आणि किती तासांत. सलग तीन दिवसांहून अधिक बंद राहिले तर दंड किती. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या रुग्णालयाशी आपल्या रुग्णांचे सीटी त्या काळात ठरलेल्या दराने करून देण्याचा परस्पर करार करून ठेवावा, कारण त्यांचेही यंत्र वर्षातून अठरा दिवस बंद राहणारच आहे.